पराभवाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात एनबीएमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, तळाच्या संघांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. आकडेमोड जिथे लागते तिथे ती पूर्ण करून दाखवली आहे, म्हणजे आपल्या संघाचे आकडे घालून ती तुम्हाला घरी करता येईल.

प्रश्न : आमचा आवडता संघ सलग अकरा सामने हरला. त्यांतले पाच सामने तीन किंवा त्याहून कमी गुणांनी गेले. संघ खरोखर वाईट आहे, की नशीब फुटकं?

उत्तर : जय-पराजयाचा तक्ता हे सांगत नाही, सरासरी गुणफरक सांगतो. संघाने केलेल्या एकूण गुणांतून त्याच्यावर झालेले एकूण गुण वजा करा आणि सामन्यांच्या संख्येने भागा. एनबीएचा हंगाम ८२ सामन्यांचा, म्हणजे फरक शून्य असेल तर ४१ विजय अपेक्षित. त्यापुढे सरासरी फरकाच्या प्रत्येक गुणामागे साधारण २.७ विजय वाढतात किंवा घटतात. उणे २ फरक असलेला संघ ३५-३६ विजयांच्या लायकीचा असतो, उणे ९ वाला १७च्या आसपासचा.

आता हा अंदाज प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहा. हंगाम अर्धा झाला असेल तर अंदाजही अर्धा धरा. प्रत्यक्ष विजय अंदाजापेक्षा चार-पाचने कमी असतील, तर संघ अटीतटीचे सामने हरतो आहे, आणि तो प्रकार सहसा टिकत नाही. शेवटची पाच मिनिटं उरली असताना फरक पाच किंवा त्याहून कमी असेल, तर एनबीए तो खेळ ‘क्लच’ म्हणून वेगळा मोजते. पण हंगामभरात ही मिनिटं इतकी थोडी असतात, की एखाददुसऱ्या शॉटने सगळं चित्र पालटतं. अंदाज आणि प्रत्यक्ष विजय जुळत असतील, तर मात्र नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

दोन पथ्यं पाळा. वीस सामने होण्याआधी हा हिशेब करू नका, कारण एक ४० गुणांचा दारुण पराभव सरासरीचं मातेरं करतो. आणि मुख्य खेळाडू दुखापतीने बाहेर असतानाचे सामने वेगळे काढा. १९९६-९७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्स २०-६२ वर (२० विजय, ६२ पराभव) संपले, पण त्या हंगामात त्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन फक्त सहा सामने खेळला होता. तो आकडा संघाच्या कुवतीचा नव्हता, दुखापतीचा होता. हे दोन प्रकार एकाच पंक्तीत बसवले की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

प्रश्न : बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) वाचता येतो, पण नेमकं कुठे चुकतंय ते त्यातून कसं ओळखायचं? संघ भरपूर रिबाऊंड घेतो, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू मिळवतो, तरी हरतो.

उत्तर : बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक वापरा : नेमबाजी, टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं), आक्रमक रिबाऊंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचा चेंडू परत मिळवणं) आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). त्यांनी यांना दिलेलं वजन अंदाजे ४०, २५, २० आणि १५ टक्के आहे. रिबाऊंड भरपूर असूनही पराभव का होतो, याचं उत्तर या वजनांतच बरंचसं दडलेलं आहे. तरीही एक सामना कल्पून तो सोडवून दाखवतो.

आपल्या संघाने ९० पैकी ४० शॉट टाकले, त्यांत १० थ्री-पॉइंटर (दूरच्या रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट). फ्री थ्रो १८ पैकी १३, टर्नओव्हर १७, आक्रमक रिबाऊंड १२. एकूण गुण १०३. प्रतिस्पर्ध्याने ८८ पैकी ४२ टाकले, त्यांत १५ थ्री-पॉइंटर. फ्री थ्रो २४ पैकी १९, टर्नओव्हर १२, आक्रमक रिबाऊंड ८. एकूण गुण ११८.

परिणामकारक नेमबाजी काढताना यशस्वी शॉटमध्ये थ्री-पॉइंटरची निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. आपली आली ५० टक्के, त्यांची ५६. पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात येण्याच्या संधी. त्यांचा अंदाज असा : शॉटचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांचे ०.४४ पट, उणे आक्रमक रिबाऊंड, अधिक टर्नओव्हर. आपल्या १०२.९ आल्या, त्यांच्या १०२.६. दोन्ही संघांच्या संधी जवळपास सारख्या यायलाच हव्यात. तीन-चारचा फरक आला तर कुठेतरी आकडा चुकीचा उतरवला गेला आहे. गुणांना संधींनी भागून शंभराने गुणलं की शंभर संधींमागे आपले १०० गुण आणि त्यांचे ११५.

आता रिबाऊंडकडे या. आपण चार आक्रमक रिबाऊंड जास्त घेतले, पण शॉट जास्त मिळाले फक्त दोन. कारण उघड आहे : पाच टर्नओव्हर जास्त झाले. रिबाऊंडने कमावलेल्या संधी हातातून निसटलेल्या चेंडूंनी खाऊन टाकल्या. पंधरा गुणांच्या पराभवात फ्री थ्रोचे सहा, आणि उरलेले नऊ शॉटचे. दोन्ही संघांच्या थ्री-पॉइंटरमधला फरकच पंधरा गुणांचा आहे; दोन गुणांच्या शॉटमध्ये आपण सहाने पुढे होतो, म्हणून शॉटचे नऊच.

इथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. प्रतिस्पर्धी थ्री-पॉइंटर किती टक्के टाकतो, यावर बचावाचा ताबा फार थोडा असतो. ते पंधरा दिवस त्यांच्या बाजूने जातं, पंधरा दिवस आपल्या. पण तो थ्री-पॉइंटरचे किती प्रयत्न करतो आणि कुठून करतो, यावर बचावाचा ताबा असतो. म्हणून टक्केवारी पाहून कोचला धारेवर धरू नका, प्रयत्नांची संख्या पाहा. त्यातही कोपऱ्यातले प्रयत्न मोजा : कोपऱ्यात रेषा २२ फुटांवर असते, तर वर मध्यभागी २३ फूट ९ इंचांवर, त्यामुळे कोपऱ्यातला मोकळा शॉट सर्वांत स्वस्त. कोपरा मोकळा कसा पडतो, तेही सांगतो. पिक अँड रोलमध्ये (सहकारी बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो, त्या खेळीत) चेंडूवाला खेळाडू आत घुसतो, कोपऱ्यातला बचावपटू मदतीला बास्केटखाली येतो, आणि त्याची जागा घ्यायला दुसरा कुणी सरकत नाही. मदतीला आलेला माणूस दोषी नसतो, त्याने नियमाप्रमाणेच केलेलं असतं. दोषी असतो तो दुसरा, जो आपल्याच माणसाला चिकटून राहिला. तरुण संघांत ही दुसरी हालचाल सर्वांत उशिरा अंगवळणी पडते.

प्रश्न : पहिल्या सत्रात दहा-बारा गुणांची आघाडी आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पराभव, हे दर आठवड्याला कसं होतं? दमतात का?

उत्तर : दमणं हे एक कारण आहे, पण पहिलं नाही. पहिलं कारण बहुधा बदलांचं वेळापत्रक. दुबळ्या संघात चेंडू हाताळून स्वतः शॉट तयार करू शकणारे दोनच खेळाडू असतात. कोच त्या दोघांना एकाच वेळी बेंचवर बसवतो आणि पाच मिनिटांत आघाडी विरघळते. उपाय साधा आहे. अ आणि ब असे दोन खेळाडू धरा. अ पहिल्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं खेळतो, उरलेली सहा बसतो आणि दुसरा क्वार्टर पूर्ण खेळतो. ब पहिला क्वार्टर पूर्ण खेळतो, दुसऱ्याची पहिली सहा मिनिटं बसतो आणि शेवटच्या सहाला परत येतो. दुसऱ्या अर्धातही हेच. दोघांची प्रत्येकी ३६ मिनिटं होतात आणि ४८ मिनिटांत एक क्षणही दोघे एकत्र बाहेर नसतात. सलग बारा मिनिटं जड जात असतील तर मध्ये मिनिटभर विसावा द्यावा, पण ‘दोघे एकत्र बाहेर नाहीत’ हे मोडू नये.

दुसरं कारण फाउल. एका क्वार्टरमध्ये संघाच्या पाचव्या फाउलपासून साध्या फाउललाही प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. हाताने बचाव करणाऱ्या, म्हणजे पाय हलवण्याऐवजी हात घालणाऱ्या संघाचे पाच फाउल सहा-सात मिनिटांतच भरतात. मग घड्याळ थांबतं आणि मागे पडलेला संघ फुकटच्या गुणांवर जवळ येतो. चौथ्या क्वार्टरमध्ये पाचवा फाउल कितव्या मिनिटाला झाला ते दहा सामने टिपून ठेवा. आघाडी का गेली, ते बऱ्याच सामन्यांत तिथेच सापडेल.

तिसरं कारण म्हणजे जिवंत चेंडूवरचे टर्नओव्हर. चेंडू बाहेर गेला तर बचावाला परतायला वेळ मिळतो. पास मध्येच चोरला गेला तर समोर मोकळं मैदान आणि सोपा ले-अप. आघाडी राखताना खेळाडू मंदावतात, शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांतले सोळा-सतरा नुसतं ड्रिबल करण्यात घालवतात आणि शेवटी घाईत क्रॉसकोर्ट पास टाकतात. तो पास चोरांचा आवडता. आघाडी असली तरी पहिली हालचाल घड्याळात सतरा-अठरा सेकंद शिल्लक असतानाच व्हायला हवी.

टाइमआऊट सात मिळतात, पण चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांतले जास्तीत जास्त चार आणि शेवटच्या तीन मिनिटांत जास्तीत जास्त दोन वापरता येतात. ज्या कोचने आठ-शून्यची धाव रोखायला टाइमआऊट घेतलाच नाही, त्याच्या हाती शिल्लक राहिलेले टाइमआऊट शेवटी कामाचे नसतात. प्रतिस्पर्ध्याने सलग सहा गुण केले की थांबवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे, निदान तरुण संघासाठी तरी.

शेवटच्या मिनिटाचं गणित वेगळं. तीन किंवा कमी गुणांनी मागे आहात, चेंडू त्यांच्याकडे आहे आणि ३५ सेकंद शिल्लक आहेत, तर फाउल करू नका. २४ सेकंद बचाव केला तरी शॉटला दहाएक सेकंद उरतात. २४ पेक्षा कमी उरले असतील तरच लगेच फाउल. क्वार्टर संपताना उलट बाजूने पाहा : ३५ ते २८ सेकंद शिल्लक असताना आपण शॉट घेतला, तर शेवटची संधीही बहुतेक आपल्यालाच मिळते. हरणारे संघ ही फुकटची संधी सोडून देताना वारंवार दिसतात.

प्रश्न : सर्वांत वाईट हंगाम कुणाचा?

उत्तर : ८२ सामन्यांच्या हंगामात १९७२-७३ चा फिलाडेल्फिया सेव्हन्टी-सिक्सर्स, ९ विजय आणि ७३ पराभव. टक्केवारीने त्याहून खाली २०११-१२ चा शार्लट बॉबकॅट्स, लॉकआऊटमुळे (मालकांनी खेळाडूंशी वादात पुकारलेल्या टाळेबंदीमुळे) ६६ सामन्यांवर आलेल्या हंगामात ७-५९. एका हंगामात सलग पराभवांचा विक्रम डेट्रॉइट पिस्टन्सचा : २०२३-२४ मध्ये २-१ अशी सुरुवात करून ते सलग २८ सामने हरले. ३० डिसेंबर २०२३ ला टोरांटो रॅप्टर्सला १२९-१२७ असं हरवून त्यांनी ती माळ तोडली. फिलाडेल्फियानेही सलग २८ पराभव पाहिले आहेत, पण ते २०१४-१५ आणि २०१५-१६ असे दोन हंगाम मिळून.

प्रश्न : हंगाम हातचा गेलाच आहे, तर मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला क्रमांक का मिळवू नये?

उत्तर : कारण हरून पहिला क्रमांक मिळत नाही, मिळते ती फक्त चिठ्ठी. २०१९ पासून लागू झालेली पद्धत अशी : प्लेऑफला (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांना) न पोहोचलेले १४ संघ सोडतीत असतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू, त्यांतले चार काढायचे. चार आकड्यांचे १००१ संच होतात. एक संच बाद ठेवून १००० संच संघांत वाटले जातात. तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० संच, म्हणजे पहिल्या क्रमांकाची शक्यता १४ टक्के. चौथ्याला १२.५, पाचव्याला १०.५, असं उतरत शेवटच्याला अर्धा टक्का. सोडतीने फक्त पहिले चार क्रमांक ठरतात, बाकीचे पराभवांच्या क्रमाने लागतात.

यातून दोन गोष्टी निघतात. सर्वांत तळाच्या संघाला पाचवा क्रमांक मिळण्याची शक्यता ४७.९ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा. आणि तळाचा पहिला, दुसरा, तिसरा यांची पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच असल्याने, तिसऱ्यावरून पहिल्यावर घसरण्यासाठी हरलेल्या सामन्यांतून त्या शक्यतेत काहीच भर पडत नाही. फायदा एवढाच, की जास्तीत जास्त घसरण सातव्याऐवजी पाचव्या क्रमांकावर थांबते. त्यासाठी प्रेक्षकांसमोर महिनाभर अर्धवट खेळायचं?

पिस्टन्स २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी तळाशी होते आणि दोन्ही वेळा पाचव्या क्रमांकावर ढकलले गेले. २०२५ मध्ये १७-६५ चा युटा जाझ पाचवा, १८-६४ चा वॉशिंग्टन विझर्ड्स सहावा, आणि पहिला क्रमांक १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला, ज्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं. उघडपणे हरलात तर दंडही होतो : एप्रिल २०२३ मध्ये शिकागोविरुद्धच्या सामन्यात प्रमुख खेळाडू बसवल्याबद्दल याच डॅलसला साडेसात लाख डॉलर भरावे लागले होते.

एका बाबतीत मात्र पराभवाचा सरळ हिशेब असतो. संघाने आपली पहिल्या फेरीची निवड ‘पहिल्या आठात आली तर आमचीच’ अशा अटीवर दुसऱ्याला देऊन टाकलेली असेल, तर नववा क्रमांक म्हणजे हाती भोपळा. मार्च-एप्रिलमध्ये एखादा संघ अचानक कोवळ्या पोरांना ३५ मिनिटं खेळवू लागला, तर आधी ही अट तपासा.

प्रश्न : मध्येच कोच बदलून काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, पण जेवढा दिसतो तेवढा नाही. कोचला काढतात ते पराभवांची रांग सर्वांत लांब झाली असताना, आणि त्यानंतर कोणताही संघ थोडा वर येतोच. १९७२-७३ च्या फिलाडेल्फियात रॉय रुबिन यांच्या हाताखाली ४-४७ आणि नंतर केविन लॉकरी यांच्या हाताखाली ५-२६ झाले. विजयाचं प्रमाण दुप्पट झालं, जागा तळाचीच राहिली.

आठवड्याला तीन-चार सामने आणि मध्ये विमानप्रवास, यात पूर्ण सराव फारसे होत नाहीत. त्यामुळे नव्या कोचला हंगामाच्या मध्यात तीनच गोष्टी बदलता येतात : कोण किती मिनिटं खेळणार, शेवटी चेंडू कुणाच्या हातात असणार, आणि पिक अँड रोलवर उंच बचावपटू मागे थांबणार की माणसं अदलाबदल करणार. आक्रमणाची संपूर्ण रचना पुढच्या सराव शिबिराशिवाय बदलत नाही. शिवाय करार हमीचे असतात. डेट्रॉइटने मॉन्टी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार दिला होता आणि एकाच हंगामानंतर, जून २०२४ मध्ये, त्यांना दूर केलं. उरलेले पैसे द्यावेच लागतात.

प्रश्न : तळातून वर यायला किती वर्षं लागतात?

उत्तर : तीन वाटा दिसतात. सॅन अँटोनियोची सर्वांत जवळची : रॉबिन्सन परतला, सोडतीत टिम डंकन मिळाला आणि २०-६२ वरून लगेच ५६-२६. बोस्टन सेल्टिक्सची वाट खरेदीची : २००६-०७ मध्ये २४-५८, त्यात सलग १८ पराभव. मग साठवलेले तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या निवडी देऊन केविन गार्नेट आणि रे अॅलन आणले आणि पुढच्याच हंगामात ६६-१६ सह विजेतेपद. ओक्लाहोमा सिटी थंडरची वाट लांब : २२-५०, २४-५८, ४०-४२, ५७-२५ आणि मग २०२४-२५ मध्ये ६८-१४ व विजेतेपद. शे गिल्जस-अलेक्झांडर हा त्यांचा आधार ड्राफ्टमधून आलेला नव्हता, २०१९ मध्ये क्लिपर्सशी झालेल्या व्यवहारातून आला होता.

आम्हाला सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण वाटतं ते डेट्रॉइटचं. १४-६८ नंतर त्यांनी केड कनिंगहॅम आणि जेलन ड्युरेन यांना हात लावला नाही. भोवती खोगीरभरती करण्याऐवजी टोबायस हॅरिस, मलिक बीस्ली आणि टिम हार्डवे ज्युनियर असे बाहेरून शॉट टाकणारे अनुभवी खेळाडू आणले. कोच म्हणून जे. बी. बिकरस्टाफ आले. नेमबाज बाहेर उभे राहिले की बचाव पसरतो आणि कनिंगहॅमला आत घुसायला वाट मिळते. त्याच गाभ्याने ४४-३८ करून प्लेऑफ गाठली. गाभा चांगला आहे की नाही हे १४-६८ च्या तक्त्यात दिसत नव्हतं, कारण त्याच्याभोवती जागाच नव्हती.

प्रश्न : फेब्रुवारीनंतर उरलेल्या सामन्यांत काय पाहावं? निकालात तर रस उरला नाही.

उत्तर : चार नोंदी ठेवा. ज्या पाच खेळाडूंना पुढच्या वर्षी ठेवायचं आहे ते एकत्र किती मिनिटं खेळले आणि त्या मिनिटांतला गुणफरक किती. तरुण गार्डचे असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि टर्नओव्हर यांचं प्रमाण, जे दोनच्या वर सरकायला हवं. तरुण सेंटरचे दर ३६ मिनिटांमागचे फाउल, जे पाचावरून चाराखाली यायला हवेत, नाहीतर तो शेवटी मैदानावर राहतच नाही. आणि नवख्या खेळाडूंचे फ्री थ्रो, कारण फ्री थ्रो चांगला असलेल्याचा थ्री-पॉइंटर पुढे सुधारण्याची शक्यता जास्त. एप्रिलमधले एकूण गुण मात्र जमेस धरू नका. समोरचा संघही तेव्हा आपले मुख्य खेळाडू जपत असतो, आणि अशा सामन्यांत कुणीही ३० गुण करतो.

प्रश्न : दहा दिवसांचा करार म्हणजे काय?

उत्तर : ५ जानेवारीपासून संघ एखाद्या खेळाडूला दहा दिवस किंवा तीन सामने, यांत जे जास्त असेल तेवढ्या मुदतीसाठी घेऊ शकतो. एकाच संघाला त्याच खेळाडूशी हंगामात असे दोनच करार करता येतात. त्यानंतर ठेवायचं तर उरलेल्या हंगामाचा करार करावा लागतो. मुख्य यादीत १५ जागा असतात आणि त्यांशिवाय तीन खेळाडू टू-वे करारावर (एनबीए आणि तिची दुय्यम लीग, दोन्हीकडे खेळण्याचा करार), जे एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांत उपलब्ध राहू शकतात. तळाच्या संघाने अनुभवी खेळाडू सोडले की यादीत जागा मोकळ्या होतात आणि त्या या करारांनी भरल्या जातात. अनुभवी खेळाडू सुटका मागतात ती १ मार्चच्या आत, कारण त्यानंतर मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही.